शंभर वर्षं जगणारा बेडूक

पहिलं कोडं पोपट लिहिणारच नव्हता. आजारी माणसाला थाप मारायची म्हणजे जिवावर आलं होतं. पण चार महिने झाले, मगरकाकांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

पोपट हे नाव त्याला मित्रांनी ठेवलेलं, तोंड बंद राहत नाही म्हणून. दोनदा नापास, तीन नोकऱ्या सुटलेल्या. आता मगरकाकांकडे दहा ते पाच. गोळ्या द्यायच्या, हात धरून चालवायचं. काकांनी तीस वर्षं प्राणिसंग्रहालयात साप, मगरी, कासवं सांभाळली. मग अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारले, वाचा गेली. उपचाराच्या बाई सफरचंदाचं चित्र दाखवून "हे काय?" विचारायच्या. काका भिंतीकडे तोंड करायचे.

काकांची लेक दूर राहायची. तिने निक्षून सांगितलं होतं, "महिनाअखेरच्या शनिवारी मी फोन करीन. बाबांना निदान स्वतःचा पत्ता तरी सांगता आला पाहिजे. नाहीतर त्या घराला कुलूप, आणि बाबा माझ्याकडे."

काका खिडकीशी जाऊन बसले. तिथून प्राणिसंग्रहालयाची भिंत दिसायची.

म्हणून पोपटाने थाप मारली.

"काका, माझी परीक्षा आहे. तुमच्याच प्राणिसंग्रहालयात, तुमच्याच विभागात! पुढच्या महिन्यात, शुक्रवारी. मदत करा, नाहीतर माझं काही खरं नाही."

शुक्रवार ऐकून काकांची भुवई वर गेली. पण पोपट वही उघडण्यात गुंग होता. त्याने त्यात चौकोन आखले होते.

"तीन अक्षरं. सरपटणारा प्राणी. शंभर वर्षं जगतो. हात्तिच्या! बे, डू, क." त्याने पेनाने ठसठशीत लिहून टाकलं.

काकांनी चमचा टेबलावर आपटला. मान हलवली. चेहरा लाल झाला. "का..."

"का म्हणजे? बेडूकच. माझे आजोबा सांगायचे."

"का... कासव!"

पोपट मोरीत गेला, नळ सोडला आणि डोळे धुतले. बाहेर येऊन म्हणाला, "असेल बुवा. मला सगळे सारखेच."

तेव्हापासून रोज एक कोडं, रोज एक घोडचूक. सापाला नसते, तीन अक्षरं. पोपटाने लिहिलं, शेपटी.

"शेपटी असते!" काका उसळले. "पा... पापणी! पापणी नसते, गाढवा!"

"गाढव सरपटत नाही, काका."

काका खो खो हसले. चहा सांडला. दोघांची गट्टी जमली ती तिथपासून.

पण चूक करणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. भलतंच काहीतरी लिहिलं की काका नुसते खांदे उडवायचे. चूक अशी हवी की जीव कळवळला पाहिजे. आणि त्यासाठी आधी बरोबर काय ते माहीत हवं. पोपटाने वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. बसच्या रांगेत उभा राहून वाचायचा. घोरपड जिभेने वासाचा माग काढते. मगर आपली पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. शाळेत त्याने एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. हे दोनदा वाचलं.

फक्त पत्त्याचं घोडं अडलं.

"काका, आता पत्ता."

"तुझा?"

"माझा कशाला? तुमचा!"

काका हट्टाने वहीच्या पुठ्ठ्यावर बोट आपटत राहिले. शेवटी कटकट नको म्हणून पोपटाने तिथे स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला. दोन दिवसांनी काकांना पुन्हा त्यांचा पत्ता विचारला. काकांनी एका दमात, स्पष्ट सांगितला.

"खोली अकरा, धोब्याच्या दुकानावर, पुलाजवळ."

 तो पोपटाचाच पत्ता होता. दुसऱ्या दिवशी वहीही सापडेना. अख्खं घर पालथं घातल्यावर फोनच्या स्टुलावर मिळाली. वस्तू कुठे ठेवली तेही विसरायला लागले, पोपटाला वाटलं. आता कसला शनिवार नि कसलं काय.

शनिवारी दुपारी फोन वाजला. काकांनी स्वतः उचलला.

"दुसरा मजला, सात नंबर, प्राणिसंग्रहालयाच्या मागे," काका थांबत थांबत म्हणाले. "आणि बाळ, मी... कुठेही येणार नाही."

पलीकडे रडू फुटलं ते पोपटाला बाजूला उभं राहूनही ऐकू आलं.

पाच वाजता त्याने पिशवी उचलली. बोलत्याचालत्या माणसाला दिवसभर सोबत कशाला लागते? चौथी नोकरीही सुटली, पण या खेपेला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगून टाकावं म्हणून तो दारात घुटमळला.

"काका, ती परीक्षा... पुढे ढकलली."

"हं," काका म्हणाले. "अभ्यास सोडू नको."

घरी जिन्यातच आई उभी होती, हातात पाकीट. "काय रे, कुठे काय करून ठेवलंस? सरकारी दिसतंय!"

पोपटाने पाकीट फोडलं. सरपटणारे प्राणी विभाग. साहाय्यकाची जागा. तोंडी परीक्षा, सोमवारी अकरा वाजता. खाली साहेबांनी पेनाने लिहिलं होतं, 'तुमचं नाव आणि पत्ता आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी फोनवर सांगितला. तुमची कोडीही तासभर वाचून दाखवली. चुका फार अभ्यासपूर्ण आहेत.'

त्याने तिथेच पायरीवर बसून फोन लावला.

"काका! तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. शुक्रवारी... प्राणिसंग्रहालय बंद असतं, गाढवा."

पोपटाने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदाच त्यातून शब्द फुटेना.

"का..."

"हं. घाई नको. बोल."

"काका, सोमवारी एकही चूक करणार नाही. शब्द देतो."