टाकीतली पट्टी

मेहताब शेखनं टाकीचं झाकण सरकवून बॅटरीच्या उजेडात आत डोकावलं, आणि त्याला स्वतःचीच पट्टी ओळखू येईना.

शेजारची गोरक्षनाथची पट्टी रुखवतातल्या ताटासारखी लखलखत होती. मेहताबची मात्र चहात विसरलेल्या बिस्किटासारखी झाली होती. कडा गळालेल्या, मधे खळगे, वर पांढरट थर. झाकण लावून तो खाली उतरला. चेहरा त्यानं दुसऱ्याच्या पोराचा निकाल ऐकताना ठेवतात तसा ठेवला होता.

मिरजगावजवळच्या या डेअरीत पाणी बोअरचं, आणि बोअर खारट. गरम पाण्याच्या लोखंडी टाकीला ते हळूहळू खात होतं. नव्या इंजिनीअर जयामॅडमनी उन्हाळ्यात नगरच्या दोघा व्यापाऱ्यांना, मेहताबला आणि गोरक्षनाथला, बोलावून सांगितलं होतं, "तुमच्याकडच्या धातूची एकेक पट्टी द्या. टाकीला आतून बोल्टनं जोडून ठेवते. हे पाणी कुणाचं काय करतं ते बघू. जी पसंत पडेल ती दरवर्षी तुमच्याकडूनच घेऊ."

दरवर्षी! डेअरी दरवर्षी नवी टाकी बांधणार, असा मेहताबनं अर्थ लावला. मोठा कारभार, बांधतही असतील. समोरून ऑर्डर चालत येत असताना 'कशाला हवंय?' असं विचारणारा माणूस धंद्यात नवखा समजला जातो, आणि मेहताबचे केस तर पिकले होते.

त्याच्या दुकानावर पाटी होती 'शेख मेटल्स'. लोक म्हणायचे 'मेहताब भंगारवाला'. बायकोच्या माहेरीही हेच नाव चालायचं. या ऑर्डरनं तो डेअरीचा सप्लायर होणार होता. मग सासुरवाडीत खुर्चीवर जरा मागे रेलून बसता आलं असतं. त्या आनंदात त्यानं कोपऱ्यातली एक चकचकीत पट्टी स्टील समजून उचलली आणि देऊन टाकली. ती जस्ताची होती, हे त्याला आज खळगे बघून कळलं.

घरी नाझनीन म्हणाली, "अजी, चुकून दुसरी दिली म्हणून सांगून टाका ना."

"जन्मभर धातू विकतो आणि धातू ओळखता येत नाही, असं सांगू?"

"मी तर माहेरी कधीच सांगून टाकलंय."

मेहताबनं जेवण अर्ध्यावर सोडलं नाही, पण चटणी परत मागितलीही नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी डेअरीत जे जे हलतं, फिरतं किंवा कामाला येतं, ते सगळं धुऊन पुजलं जायचं. मोटार, पाने, दुधाचे कॅन, वजनकाटा, टेम्पो. मॅनेजरच्या कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ असायची. टाकीही त्या दिवशी रिकामी करून घासली जायची.

मेहताब पेढे घेऊन पोचला. पेढ्यांच्या पिशवीत तळाशी अस्सल स्टीलची पट्टी होती. साफसफाई बघणाऱ्या केशरबाई टाकीपाशीच होत्या.

"केशरबाई, सगळ्यांची पूजा आणि आमच्या पट्टीनंच काय पाप केलंय? ती पण टाकीत उभी राहून कामच करतेय की."

"व्हय की ओ! माज्या ध्यानातच न्हाई आलं. काडून आना, कुकू लावते. शेकभाऊ, आमच्या मान्सांपरीस तुमालाच सनाचं लई पडलंय."

बोल्ट काढून मेहताब पट्टी धुवायला पिशवीसकट नळाच्या मागे गेला. परत आला तेव्हा पट्टी अशी झळकत होती की केशरबाईंनी गालाला हात लावला.

"अगं बया! आसं काय लावलंत ओ?"

"काही नाही. जरा मनापासून घासली."

दारात गोरक्षनाथ उभा होता. "काय भंगारशेठ, पट्टीला आंघोळ?"

"तुझी पण आणू का? दोघी एकदमच न्हातील."

"माझी पाण्यातच राहती. तिला येगळी आंघोळ कशाला?"

दोघंही हसले. कुंकू लावलेली पट्टी मेहताबनं स्वतःच्या हातानं जागेवर घट्ट बसवली.

मनाला टोचलं नाही असं नाही. पण त्यानं विचार केला, दिली होती ती चुकीची, बसवली ती बरोबर. म्हणजे चूक सुधारली. चूक सुधारणाऱ्याला लबाड कुणी म्हणतं का? रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि दिवाळीत सासुरवाडीला तो सवयीसाठी थोडा मागे रेलूनच बसला.

थंडी पडल्यावर जयामॅडमनी दोघांना बोलावलं. दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवलेल्या. मेहताब आणि गोरक्षनाथपुढे मसाला दूध. मॅडमनी मेहताबची पट्टी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हिला तर काहीच झालेलं नाही."

"आमचा माल असाच असतो, मॅडम," मेहताब म्हणाला आणि दुधाचा मोठा घोट घेतला.

"पण गणपतीत मी बघितली तेव्हा अर्धी खाल्ली गेली होती. धातू असा भरून येतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं."

गोरक्षनाथ खोकला. मेहताब पेल्यातली साय बघत बसला.

"वाईट वाटतंय, शेखभाई," मॅडम म्हणाल्या. "मी वर तुमचंच नाव कळवणार होते."

"खाल्ली गेलेली बघून? माझं नाव?"

"मग काय! नवी टाकी कुठे बांधायचीय आम्हाला? आहे तीच वाचवायचीय. हे पाणी टाकी सोडून जिला खाईल, अशी पट्टी शोधत होते मी."