पहिल्या रांगेतला रुमाल

शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या एकाच कारखान्यात मी आणि धाकटा भाऊ डिझाइन करतो. फरक इतकाच, की त्याची डिझाइनं डॉक्टरांच्या हातात जातात आणि माझी खणात. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरवणारी नळी बुजली, की डोळा सारखा वाहत राहतो. ती नळी मोकळी करायला त्याने केसाएवढी बारीक, मऊ टोकाची सळई काढली आणि सत्कारांची रांगच लागली.

माझ्या डाव्या डोळ्याची नेमकी तीच नळी बुजलेली. प्रत्येक सत्काराला मी पहिल्या रांगेत आतल्या आत धुमसत बसायचो आणि डोळा घळाघळा वाहायचा. आत्या माझा ओला रुमाल सगळ्यांना दाखवायची, "बघा, थोरल्याला किती भरून आलंय! असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

एकदा जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, घरात माझी सळई असताना तू रुमाल घेऊन फिरतोस? लोक काय म्हणतील मला?" आईसमोर नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तीच सळई घातली आणि वीस मिनिटांत डोळा कोरडा ठणठणीत.

काल त्याला आतापर्यंतचं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं. टाळ्या थांबल्यावर आईने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय रे, धाकट्यावर जळतोस की काय?"



आज सकाळपासून मीही एक नवीन उपकरण डिझाइन करायला बसलोय. मोकळी झालेली नळी पुन्हा बुजवायचं.