धडधाकट

मोटारसायकलनं उडवल्यापासून गहिनीनाथचा पाय कायमचा अधू झाला होता. भरपाईचा दावा बीडच्या कोर्टात पडून होता. पण दुष्काळातली चूल काय कोर्टाच्या तारखेसाठी थांबते? ऊसतोडीची टोळी जमवायला मुकादम सुंदरराव गावात आला, तेव्हा गहिनीनाथ डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन, ओठ दाताखाली दाबून त्याच्यापुढून ताठ चालत गेला. मुकादमानं लगेच त्याला टोळीत घेतलं.

टोळी निघायच्या आतच कोर्टाची तारीख लागली, आणि समोरच्या वकिलानं नेमका मुकादमच साक्षीला आणला.

"गडी धडधाकट हाय, सायेब. म्या डोळ्यांनी बघितलंय."

त्या साक्षीवर दावा बुडाला.

गहिनीनाथ कठडा धरून, पाय ओढत कोर्टाच्या पायऱ्या उतरला. खाली उभा मुकादम भडकला,

"तू तर लंगडा हाईस बे! मला फसवतोस व्हय? माझ्या टोळीत येऊ नको."