पहिला मजला

जिन्याच्या वळणावर समोर लताताई उभ्या दिसल्या, आणि प्रतिमाचा पाय तिथंच थांबला.

नेपियर टाउनमधल्या त्या इमारतीत वर जायला तो एकच जिना होता. पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना, दुसऱ्यावर मनोविकारांचे डॉक्टर. प्रतिमा नवऱ्याला घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघाली होती. चंद्रशेखरनंच तसं सांगितलं होतं. दिवाळीपासून त्यानं फॅक्टरीत जाणं सोडलं होतं. सांगितलं तर अंघोळ करायचा, ताट पुढ्यात ठेवलं तर चिवडायचा. मग परवा सकाळी, भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या म्हणाला, "मला कोण्या डॉक्टरकडे ने. माझ्यानं आता होऊन नाही राहिलं."

"वहिनी? तुम्ही इकडे काहून?" लताताईंनी विचारलं.

लताताई शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. प्रतिमाच्या मुलीचं, एकताचं, स्थळ त्यांनीच आणलं होतं. नागपूरचा मुलगा, त्यांचा सख्खा भाचा. संक्रांतीनंतर साखरपुडा ठरला होता.

प्रतिमानं वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीतली 'मानसिक रोग' ही अक्षरं जिन्यातूनही वाचता येत होती.

"यांची दाढ," ती म्हणाली. "झोपूच देत नाही."

"मग चला ना सोबतच. मी कॅप बसवायला आली. ओळखीचे आहेत डॉक्टर, लगेच घेतील तुम्हाला."

लताताई पुढे झाल्या. चंद्रशेखर बायकोकडे पाहत राहिला.

"वर जायचं होतं ना?" त्यानं हळूच विचारलं.

"नंतर जाऊ," ती म्हणाली, आणि तिनं त्याचं कोपर धरलं.

दाताचे डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. त्यांनी चंद्रशेखरला खुर्चीत बसवलं आणि दिवा तोंडावर ओढला.

"हाँ भाई साहब, कौन सा दाँत?"

चंद्रशेखरनं दिव्यापुढे डोळे मिटले.

"दाहिनी तरफ, पीछे वाला," प्रतिमा म्हणाली. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती.

डॉक्टरांनी दातावर टकटक करून चंद्रशेखरलाच विचारलं, "यहाँ दर्द होता है?"

"होता है."

"और यहाँ?"

"होता है."

"इधर?"

"उधर भी."

डॉक्टर हसले. पुन्हा वाकून आत पाहिलं. शेवटची दाढ किडलेली होतीच. पन्नाशीच्या माणसाची असते तेवढी. तिचा त्याला कधीच त्रास झाला नव्हता. "बच भी सकती है," ते म्हणाले, "पर तीन-चार बार आना पड़ेगा. नहीं तो आज ही निकाल देते हैं." ते प्रतिमाकडे बघत होते.

"काढूनच टाका, वहिनी," बाजूच्या खुर्चीतून लताताई म्हणाल्या. "साखरपुड्याच्या आधी मोकळे होतील भाऊजी. पाहुण्यांसमोर गाल सुजलेला बरा नाही दिसत."

प्रतिमाच्या पर्समध्ये फोन थरथरला. वरच्या दवाखान्याचा नंबर होता. तिनं तो कापला.

"एकता असेल," लताताई म्हणाल्या.

"हो, एकताच." प्रतिमानं पर्सची चेन लावली. "निकाल दीजिए, डॉक्टर साहब."

"शुगर, बीपी?"

"नहीं."

"कोई दवा चल रही है?"

"कुछ नहीं," प्रतिमा म्हणाली. हे मात्र खरं होतं.

चंद्रशेखरनं आ केला. सुई हिरडीत शिरली तरी त्याचे हात मांडीवर जसे होते तसेच राहिले. मग चिमटा आत गेला. डॉक्टरांनी जोर लावला, तशी त्याची मान त्या बाजूला ओढली गेली, परत आली, पुन्हा ओढली गेली. त्याचे डोळे उघडे होते आणि प्रतिमावर होते. ती खिडकीकडे वळली.

"बहुत हिम्मतवाले हैं," डॉक्टर म्हणाले. "आवाज तक नहीं की."

फोन पुन्हा एकदा थरथरला आणि आपोआप बंद झाला.

परतताना तिघं एकाच ऑटोत बसले. प्रतिमा मधे, लताताई एका कडेला, दुसऱ्या कडेला चंद्रशेखर, गालात कापसाचा बोळा दाबून. लताताईंची कॅप नीट बसली होती. त्या खुशीत होत्या. भाच्याचं नवीन घर, तिथला हॉल, साखरपुड्याला येणारी माणसं, सगळं सांगून झालं. मग त्या वाकून चंद्रशेखरकडे वळल्या.

"आज थंडच खा, भाऊजी. दाताचं दुखणं लई वाईट. मला माहीत आहे ना. काही गोड लागत नाही, कोणाशी बोलावं वाटत नाही. रात्र रात्र डोळा लागत नाही. माणसाला वाटते, असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं."

चंद्रशेखरनं मान वळवली. तो लताताईंकडे पाहू लागला, इतका टक लावून की त्यांनाच संकोच वाटला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज नव्हता. सुजलेल्या गालावरून, हनुवटीवरून ते शर्टावर पडत होतं, आणि तो ते पुसत नव्हता.

"भूल उतरून राहिली," लताताई म्हणाल्या.

"हो," प्रतिमा म्हणाली. "आता दुखेल थोडं."