आधी कोण?

बर्फाचा उतार एका वेळी एकानंच ओलांडायचा, दुसऱ्यानं नजर ठेवायची, हा ओटागोच्या डोंगरांतला रिवाज. आधी ब्रॉनी निघणार होती. तिनं दोघांचे बीकन तपासले. बर्फात गाडलेल्या माणसाचा बीकन इशारा देतो आणि शोधणाऱ्याचा बीकन तो पकडतो, त्यावरूनच माग लागतो. तिचा वाजला, नवऱ्याचा हूं की चूं करेना. “सेल गेलेत गं. तू हो पुढे, काही होत नाही,” डग्लस म्हणाला. ती भडकलीच. “रात्रभर वायव्येच्या वाऱ्यानं वर बर्फाचे ढीग लावलेत. मी गाडले गेले तर शोधशील कशानं? नाकानं?” “उगाच कटकट नको. मी आहे ना!” “मग तूच हो पुढे.” डग्लसनं समोरचा उतार पहिल्यांदाच नीट पाहिला. सॅक उघडून त्यानं काल रग्बीची मॅच ऐकलेला रेडिओ काढला, त्यातले सेल बीकनमध्ये घातले. “अस्सं!” ब्रॉनी कडाडली. “म्हणजे सेल माझ्यापुरतेच गेले होते होय?”