शेवटचा पेपर चाळीसगावचा

त्या मंगळवारी आबांनी पुढच्या पंधरा दिवसांच्या विनोदी चित्रपट्ट्या पेपरांना मेल केल्या आणि चहा पिताना नूतनला रोजचाच प्रश्न विचारला, "आजची पाहिली का? हसू आलं का?"

"आबा, कॉलेजला उशीर होतोय," तीही रोजचंच बोलली.

बुधवारी आबा गेले.

आबांची कंपनी म्हणजे धुळ्यातलं एक टेबल आणि सात वर्तमानपत्रं. पूर्वी प्रत्येक चित्राचा एकच छपाईचा ब्लॉक एसटीने छापखान्या-छापखान्यांतून फिरायचा, म्हणून ते आधी धुळ्यात छापलं जायचं आणि पंचवीस दिवसांनी, सगळ्यांत शेवटी, चाळीसगावात. ई-मेल आला तरी आबांनी तो क्रम मोडला नव्हता.

सोळाव्या दिवशी धुळ्याच्या पेपरात आबांच्या चित्राच्या जागी क्लासची जाहिरात आली. नूतनला घरात बसवेना. दर रविवारी ती एसटी पकडून चाळीसगावला जाऊ लागली.

चौथ्या रविवारी स्टॉलवाल्याने पेपर देता देता विचारलंच, "अक्का, धुळ्याहून येता, असं काय शे या पेपरमा?"

"माझ्या आबांचं चित्र. आजचं शेवटचं."

त्याने चष्मा सावरून चित्र पाहिलं. "पण हे तर धुळ्याच्या पेपरात कधीच येऊन गेलं, तोही मी विकतो! तेव्हा वाचलं नव्हतं का?"

नूतनने पेपर परत घेऊन चित्र डोळ्यांसमोर धरलं.



"वाचलं होतं," ती म्हणाली. "रोज, तुम्ही उठायच्या आधी. आणि मी हसायचेसुद्धा, आबा."