बाहेरचा बाक

"काकू, जपून हं, हा बाक हलतो," मैत्री म्हणाली, आणि मंदाकिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बाक हलतो! हे या कालच्या पोरीने आपल्याला सांगावं? मंडळात हा बाक आणला कोणी?

बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मंडळाची खोली. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि परीक्षेत ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत उतरवायचं, हे मंडळाचं काम. आत आज अध्यक्षाची निवड चालली होती. नावं दोनच. सहा वर्षं अध्यक्ष असलेल्या मंदाकिनीबाई, आणि ही मैत्री. ज्याच्याबद्दल ठरवायचं असेल त्याने बाहेर जाऊन बसायचं, असा मंडळाचा नियम होता, म्हणून दोघी बाहेर. नियम बाईंचाच. त्यांच्या आधीचे श्यामसुंदर स्वतःच्या निवडीलाही खुर्चीत ठाण मांडून बसत. समोरासमोर नाही म्हणायची छाती कोणाची? बाईंनी तेव्हा भांडभांड भांडून हा नियम करून घेतला होता. घ्या आता.

त्यांनी तिरक्या नजरेने मैत्रीकडे पाहिलं. स्वस्थ बसली होती. नखं कुरतडत नव्हती, मोबाइल चाळत नव्हती. हिला धाकधूक कशी होत नाही? पूर्वी मुलं हटून बसायची, "पेपरला मंदाकिनीताईच हव्यात." आता तीच मुलं मैत्रीताई, मैत्रीताई करतात आणि बाईंना आजी म्हणतात. मागच्या महिन्यात एकीने तर तोंडावर विचारलं, "आजी, मैत्रीताई नाही का आल्या?" बाई हसल्या होत्या, आणि घरी जाऊन जेवल्या नव्हत्या. आहे हे असं आहे. साठी उलटली म्हणून मत्सर काही निवृत्त होत नाही.

आतून मंडळातल्या दीपालीचा आवाज आला. "मैत्रीचं म्हणाल तर..."

दार नीट लागत नव्हतं. मैत्रीने तिकडे पाहिलं आणि ती उठली. बाक खट् वाजला.

"काकू, इथे सगळं ऐकू येतंय. मी खाली दुकानात थांबते. तुम्ही येताय?"

"मला कुठलं ऐकू यायला? कान गेलेत माझे."

मैत्री एक क्षण घुटमळली. मग पायात सँडल सरकवून टकटक जिना उतरून गेली. मोठी आली सत्यवादी! असला प्रामाणिकपणा दाखवायलाही कोणीतरी बघणारं लागतं, बाईंनी मनात म्हटलं. आणि बाईंचे कान? अगदी शाबूत होते. शेजारच्या घरातला कुकर कितव्या शिट्टीला बंद झाला, तेही त्या सांगू शकल्या असत्या.

दीपालीचं पुढचं बोलणं मात्र पुटपुटल्यासारखं येऊ लागलं. बाईंना राहवेना. त्या उठल्या, बाक पुन्हा खट् वाजला, आणि अनवाणी पावलांनी त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

फटीतून दिसलं, आत हात वर झाले होते. दोन इकडे, दोन तिकडे.

"श्रीनिवास, आता तुझ्यावर आलं," दीपाली म्हणाली.

श्रीनिवास उपाध्यक्ष. जन्मापासून दिसत नाही, आता कॉलेजात शिकवतो. या निवडीपुरता तोच खुर्चीवर होता, आणि मतं सारखी पडली तर त्याच्या मतावर निकाल. बाईंच्या जिवात जीव आला. श्रीनिवास! अहो, तो तर आपला. त्याचं अख्खं बी.ए. आपण वाचून दाखवलं.

"माझ्या शेवटच्या पेपरला काकू लेखनिक होत्या," श्रीनिवास सांगू लागला. "एका प्रश्नाला मी अडलो. काही केल्या आठवेना. वर्षभर काकूंनीच तो धडा मला वाचून दाखवला होता, उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. पर्यवेक्षक पार तिकडे व्हरांड्यात. मी म्हटलं, काकू, नुसता पहिला शब्द सांगा. त्यांनी काय करावं? पेन खाली ठेवलं. पेन बाकावर ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो. तो प्रश्न कोराच राहिला. फार राग आला होता तेव्हा. पण पुढे कुठेही कसोटीची वेळ आली, की मला तो आवाज ऐकू येतो."

दाराबाहेर बाईंचे डोळे भरून आले. कोण मैत्री आणि कोण काय! पोरगं विसरलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला. आत गेल्यावर पहिल्यांदा काय बोलायचं, तेसुद्धा ठरवून टाकलं. मैत्रीबद्दलही दोन चांगले शब्द बोलायचे. जिंकल्यावर तेवढं परवडतं.

"माझं मत त्या काकूंना होतं," श्रीनिवास म्हणाला. "घरून ठरवूनच निघालो होतो."

मग तो थांबला.

"बाहेरचा बाक मघाशी दोनदा वाजला," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाजला, तेव्हा सँडल जिना उतरून गेल्या. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा पावलं दाराशी आली. अजून तिथेच आहेत."

कोणीतरी खुर्ची सरकवली. श्रीनिवासचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. उलट पडलाच होता.

"दीपाली, मैत्रीला वर बोलव."

मंदाकिनीबाई मागे सरल्या. दार उघडायच्या आत जागेवर पोचायला हवं होतं. भिंतीला हात टेकत, श्वास धरून, त्या अगदी अलगद बाकावर बसल्या.

खट्.